चौरस फुटाच्या हिशोबानं

पयली भिंत किसन तुमसरेच्या गोठ्याची.
नऊ बाय चार, छत्तीस फूट.
पिवया पट्ट्यावर काया रंगात: 'वेग आवरा'.
पाच अक्षरं. खाली खात्याचं नाव,
थे मात्र घोषणेपेक्षा लंबं.
रंग वला होता तवाच म्हशीनं पाठ घासली,
सांजेले चरून आली त
तिच्या पुठ्ठ्यावर उलटा 'वे'.
किसन म्हने, गावात जिले वेगच नाई
तिलेच शिकवलं ना बे गेडाम तू.

फुटाले मले अकरा रुपये.
ठेकेदार दारव्ह्याचा, त्याच्यावरचा अमरावतीचा,
त्याच्यावर कोन, थे मी इचारत नाई.
रंग माहा, बुरुश माहा, भिंत दुसऱ्याची,
जागृती सरकारची.
बिलासंग फोटो लागते:
भिंतीपाशी मी उभा, हातात त्या दिवसाचा पेपर,
चोरी करताना सापडल्यावानी.
एका तालुक्यात असे एकशे बारा फोटो माहे.
एवढे त माह्या लग्नातबी नाई निंगाले.

मार्चमंधी मोठा बोर्ड आला, टरकात.
नाल्याच्या मोडावर गाडला.
त्याच्यावर बाप, माय, दोन लेकरं,
गोरे पान, पट्टे बांधून कारमंधी हासते.
आमच्या इकडं चौघं जनं लुनावर बसते,
पाचवं डब्बा धरून.
सिस्टर रजनी उईके त्याच वाटेनं स्कूटीवर जाये,
लसीची पेटी पायापाशी.
थे म्हने, भाऊ, मले हासनारे दिसते,
यष्टी दिसत नाई.

तिनं अर्ज केला. तीन अर्ज केले.
बोर्ड प्रसिद्धीच्या हेडात हाय,
मोड बांधकामाच्या हेडात हाय,
अन् बोर्ड उपटाचं हेडच नाई.
सायेब चांगला मानूस होता. च्या पाजला तिले.

जुलैत यष्टी आली.
ड्रायव्हरनं करकच्चून ब्रेक दाबला,
सिस्टर नालीत, पेटी उघडी,
बरफ गवतावर.
पाय दोन ठिकानी.
मी भेटाले गेलो त खाटेवरून म्हन्ते,
पलास्टर माप ना गेडामभाऊ, किती फूट भरते?
मी खरंच टेप काढला.
लांबी दीड, घेर सव्वा.
वीस रुपये अन् वर चिल्लर.
थे हासली, मंग गप झाली.
काय लिवू, म्हनलं.
म्हने, काई नको.
गंज लिवलं तुम्ही लोकायनं.

दसऱ्याच्या आंधी वावधान आलं, बोर्ड आडवा.
लोखंड रातोरात गेलं. फ्लेक्स किसननं नेला,
सोयाबीनच्या ढिगावर टाकला,
चार कोपऱ्यायले चार गोटे.
बाप आभायाकडं पाहून हासते,
त्याच्या पट्ट्यावर कोंबडी.
अन् मोड पयल्यांदा मोकया.
पार खालच्या बाभईपासून यष्टी येताना दिसे.
शायेची लेकरं काठावर उभी राहून वरडत,
आली, आली, थे पाय आली.

आता फेरून फर्मान हाय.
नवा बोर्ड, त्याच जागी, बिल मार्चच्या आत.
खड्ड्याची खून कराले मलेच धाडलं,
चुना, फुटका डबा, टेप.
जुन्या खड्ड्यापाशी उभा राह्यलो जरासा.
त्यात पानी होतं, अन् कोनाची तरी चप्पल.
मंग किसनच्या धुऱ्यावर, वीस पावलं मांगं,
चुन्याची फुली मारली.
पेपर धरून फोटो काढला.
फोटोत मी हाय, फुली हाय, तारीख हाय.
पावलं नाई दिसत.